आसमानी की हुरड्याचा?

आमच्या दुकानात नवरा-बायको जोडीनं रंग घ्यायला आले, की मी आधी पंखा त्यांच्याकडे वळवते आणि दोन खुर्च्या ओढून देते. उभ्या माणसाला राग आला तर तो सरळ दुकानाबाहेर पडतो. बसलेला माणूस सहसा उठून जात नाही. एवढं शहाणपण या धंद्यानं मला पहिल्याच वर्षी शिकवलं.

दुकान अमरावतीत. मी मूळची चांदूर रेल्वेची. लग्न होऊन इथं आले आणि संसाराला हातभार म्हणून या रंगाच्या दुकानात बिलं फाडायला लागले. पुढे मालकांनी रंग मिसळायचं मशीन आणलं. दुकानातल्या गड्यांनी ते चहूबाजूंनी पाहिलं आणि ‘हे काई आपलं काम नोहे’ म्हणून हात झटकले. शेडकार्ड उघडून बसायचं, गिऱ्हाइकाच्या सुनेशी, सासूशी, सासूच्या बहिणीशी बोलत राहायचं, हे त्यांना मेंदीच्या कोनाइतकंच बायकी वाटलं. मशीन माझ्या वाट्याला आलं. आता माझे केस पांढरे झाले, मशीन दोनदा बदललं, पण त्याच्यासमोरचं स्टूल अजून माझंच आहे.

काम ऐकायला सोपं आहे. पांढऱ्या रंगाचा डबा उघडून मशीनच्या तोंडाखाली ठेवायचा, नंबर दाबायचा. वरून दोन-चार रंगांच्या सुतासारख्या बारीक धारा पडतात. मग झाकण ठोकून डबा दुसऱ्या मशीनमध्ये घुसळायचा की झाला तुमचा रंग. अवघड काम त्याच्या आधीचं. शेडकार्डावर रंग असतो बोटाएवढा. तोच चार भिंतींवर चढला की गडद वाटायला लागतो. ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसरा, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की ‘हा आमचा रंगच नाही’ म्हणून फोन येतो. म्हणून मोठं काम असेल तर मी आणि आमचे पेंटर हबीबभाई आधी घरी जातो, भिंतीवर दोन रंगांचे हातभर लांब-रुंद चौकोन लावतो आणि घरच्यांना सांगतो, आता दोन दिवस यांच्याकडे पाहत जेवा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वकीलसाहेब वाटीत बासुंदी घेऊन आले होते. त्यांना बैठकीला तोच रंग हवा होता, आणि वाटी मशीनसमोर धरायला ते तयार होते. मी म्हटलं, साहेब, बासुंदीचा रंग होऊन जाईल, वासाचं तेवढं माझ्याकडून होणार नाही. एक पीटीचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मंडळींचं काही केल्या जमेना, तेव्हा त्यांनी हॉलच्या मधोमध खडूनं रेघ मारून घेतली. एकीकडे मास्तरांचा पिवळा, दुसरीकडे बाईंचा गुलाबी. पाहुणा आला की कोणाच्या बाजूला बसतो याच्यावर दोघांचं लक्ष असायचं. हल्ली लोक मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून त्यात रंग भरून आणतात. वेळ वाचतो खरा, पण घरोघर जाऊन चहा पिण्याची माझी चैन कमी झाली, याची मला हळहळ वाटते.

या सगळ्या घरांमध्ये एक घर मी विसरणार नाही. अकोल्याचं. गोष्ट मागच्या हिवाळ्यातली.

दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. चाळिशीच्या आतली एक बाई आली. साधीशी, नीटनेटकी. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडून काउंटरवर ठेवला. आत भिंतीचा पोपडा होता, तळहाताएवढा, निळा.

“ताई, असाच्या असा रंग पाह्यजे.”

तिचं नाव वैशाली. अमरावतीत सासर, घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. पोपडा अकोल्याचा, तिच्या माहेरच्या हॉलचा.

“मायनं लावलेला रंग हाय,” ती म्हणाली. “माय गेली, त्याले चार वर्षं झाले. आता घरात कार्यक्रम हाय, बाबा रंग देऊन राह्यले. मले हॉल बदलू द्याचा नाई.”

मी पोपडा उजेडात धरला. तो भिंतीवरच्या घड्याळाच्या कडेचा असणार, कारण अर्धा भाग उन्हानं विटून फिका झाला होता आणि घड्याळामागे झाकलेला अर्धा गडद, भरलेल्या आसमानी रंगाचा होता. अशा वेळी मशीनला विचारून उपयोग नसतो, माणसालाच विचारावं लागतं.

“कोणता निळा करू? आता दिसते थो, का पयल्या दिवशीचा?”

तिनं पोपडा हातात घेतला. दोन्ही रंगांवरून अंगठा फिरवला.

“पयल्या दिवशीचा,” ती म्हणाली.

मी छोट्या डब्यात नमुना करून दिला. तिनं तो बोटानं कागदावर ओढला, फुंकर घालून वाळवला आणि मान हलवली. बाकीचे डबे सांगीन तेव्हा करा म्हणाली. दारापर्यंत जाऊन परत फिरली.

“बाबा लग्न करून राह्यले,” ती म्हणाली. “माहा काई विरोध नाई हो ताई. एकटा माणूस, हातानं भाकरी टाकते अन् करपवते. करू द्या लग्न. फक्त हॉल तसाच राह्यला पाह्यजे.”

मी रुमाल घडी करून तिच्या हातात दिला.

आठवडाभरानं दुकानात फोन आला, अकोल्याहून. खणखणीत आवाज. “मी नामदेवराव बोलतो. फुलाचा मळा हाय माहा. तुमच्याकडं थे रंग निवडून देणाऱ्या बाई हायेत, असं नांदगावच्या पाहुण्याईनं सांगतलं, त्याईले पाठवा. घर लहान हाय, पण काम मोठं हाय.”

वैशाली आणि हे नामदेवराव यांची सांगड मला तेव्हा घालता आली नाही. अकोल्यात रंग देणारी घरं काय कमी आहेत? हबीबभाई आणि मी सकाळच्या बसनं निघालो. मोर्णा नदी ओलांडून रिक्षानं गेल्यावर वस्तीच्या टोकाला ते घर होतं. घराच्या मागे लागूनच मळा. शेवंती फुललेली, झेंडूचे वाफे अर्धे तोडलेले. नामदेवराव साठी ओलांडलेले, उंच, काळेसावळे. हाताला झेंडूचा वास इतका मुरलेला की नमस्कार केला तरी तो वास आपल्याकडे येतो.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी थबकले. चारही भिंती निळ्या. आणि घड्याळाच्या कडेला तळहाताएवढा पोपडा निघालेला.

खुर्चीच्या अगदी कडेवर, पाहुणी बसते तशी एक बाई बसली होती. हिरवी सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर पिशवी. पन्नाशीच्या पुढची. नामदेवराव म्हणाले, “या विमलबाई. नांदगाव खंडेश्वरच्या. अंगणवाडीत होत्या, आता सुटल्या. लग्न झाल्यावर या घरात याईले राहाचं हाय. तं रंग याईले इचारा. मले नोका इचारू.”

मी शेडकार्ड उघडून विमलताईंच्या समोर धरलं. त्यांनी चष्मा सावरला, दोन पानं उलटली आणि कार्ड मिटलं.

“काईही चालते, बाई,” त्या म्हणाल्या.

पैशाला चिकट गिऱ्हाईक मला चालतं, भांडखोर चालतं. ‘काहीही चालते’ म्हणणाऱ्या माणसाची मात्र मला भीती वाटते. ते माणूस रंग लागल्यावरही ‘छान झालं’ म्हणतं आणि ते खरं की खोटं हे कधी कळत नाही.

“असं कसं चालन?” मी म्हटलं. “तुमाले इथं रोज बसाचं हाय.”

“आजवर कोणी इचारलं नाई न, मंग सवय नाई,” त्या हसून म्हणाल्या. त्या हसण्यात रडगाणं नव्हतं, जसं होतं तसं सांगितलं. लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा घर आधीच रंगलेलं होतं. नवरा लवकर गेला, मग भावाच्या घरी आल्या, तिथं भावजयीची पसंती. अंगणवाडीला तर सरकारचाच रंग.

मी कार्ड पिशवीत टाकलं आणि त्यांच्याशेजारी बसले. रंगाचं विचारूनच रंग कळतो असं नाही. “ताई, मले असं सांगा, तुमाले कुठं बसून लय बरं वाटे?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. हबीबभाई तोवर भिंत खरवडून पाहत होते, ते थांबले.

“माह्या बापाच्या वावरात,” त्या म्हणाल्या. “हुरड्याच्या दिवसात. सकाळी ज्वारीत दव राहे. कणीस तोडलं, एक दाणा काढला अन् चिमटला का त्याच्यातून दूध निंगे. थो दाणा मी आंधी पाहत बसो, मंग खाओ. भाजल्यावर थो रंग राहत नाई. भाजाच्या आंधीचा.” त्या एकदम थांबल्या. “असा रंग राह्यते का तुमच्या मशीनमंधी?”

“नसला तं करू,” मी म्हटलं.

पण माझ्या मनात तो पोपडा टोचत होता. एकाच भिंतीसाठी माझ्याकडे दोन माणसं आली होती आणि दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. धंद्यात गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नये, हे खरं. पण उद्या निळे डबे आणि हिरवे डबे एकाच दारात उतरले असते, तर त्या घरात काय झालं असतं? मी नामदेवरावांना मळ्यात गाठलं.

“भाऊ, एक सांगाचं होतं. तुमची वैशाली आमच्या दुकानात येऊन गेली.”

ते शेवंतीची वाळकी पानं काढत होते. हात थांबला नाही. “निळाच मागतला?”

“हो. पयल्या दिवशीचा.”

हात थांबला. ते वाफ्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “दोन्ही लावा भिंतीवर. रविवारी बलावतो तिले.”

दुकानात परतल्यावर मी हुरड्याचा रंग करायला बसले. पांढऱ्यात पिवळा थोडा जास्त, हिरवा त्याहून कमी, आणि मातकट रंगाचा जेमतेम एक थेंब. तो थेंब विसरला की हिरवा दवाखान्यासारखा होतो. तीनदा केला, तीनदा बिघडला. लहानपणी मीही हुरडा खाल्लाय, पण तेव्हा लक्ष खाण्याकडे होतं. रविवारी अंदाजानं केलेले दोन नमुने घेऊन निघाले, एक कोवळ्या दाण्याचा, एक जरा निबर. सोबत वैशालीचा निळा.

अकोल्याला पोचलो तर विमलताई आधीच आल्या होत्या, आणि त्यांनी नांदगावहून पिशवीभर कणसं आणली होती. “रंग नीट दिसावा म्हणून आणली,” म्हणाल्या. त्यांनी दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी ते डब्याच्या झाकणाशी धरून पाहिले. रंग बराच जवळ आला होता. पुन्हा पाहावं म्हणून हात उघडला तर दाणे अर्धेच. हबीबभाई दुसरीकडे पाहत चावत होते.

“भाई, ते सँपल होतं.”

“ताई, सँपल अच्छा है,” ते म्हणाले. “पास!”

आम्ही घड्याळाखालच्या भिंतीवर तीन चौकोन लावले. डावीकडे आसमानी, उजवीकडे हुरड्याचे दोन. ते वाळायच्या आत वैशाली आली.

ती दारातच उभी राहिली. आधी निळ्याकडे पाहिलं, मग हिरव्यांकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेनं माझे कान गरम झाले.

“मी तुमाले सांगतलं होतं, ताई.”

मी तोंड उघडायच्या आत विमलताई उठल्या. खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून म्हणाल्या, “पोरी, निळाच देऊ. तुह्या मायचा हाय न, राहू दे. मी फक्त सांगतलं होतं याईले, हट्ट नाई माहा.”

वैशालीला हे अपेक्षित नसावं. ती भांडायला तयार होऊन आली होती आणि समोर भांडणच नव्हतं. मी ब्रश धुवायला उचलला. माझ्या हिशेबानं विषय संपला होता. आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. पहिल्यांदा त्या बाईंनी काहीतरी मागितलं होतं आणि दोन मिनिटांत परतही देऊन टाकलं.

तेव्हा नामदेवराव बोलले. ते मळ्याकडच्या दारात उभे होते.

“वैशू, थो रंग तुह्या मायनं नाई आणला.”

“काही बोलू नोका, बाबा. मले आठोते. मी शाळेत होती. हॉल रंगवला त्या दिवशी माय दिवसभर गाणं म्हणत होती.”

“गाणं म्हणत होती, कारण आपलं घर पयल्यांदा रंगून राह्यलं होतं. त्याच्या आंधी चुनाच होता. पण रंग मी आणला. फुलं टाकून बजारातून येत होतो. दुकानदार म्हणे, आसमानी पडून हाय, घेऊन जा. घेतला अन् आलो. घरी आणला तं तुही माय म्हणे, ‘मले इचारलं असतं तं...’ मी म्हटलं, ‘रंगात काय इचाराचं?’”

“मंग?”

“मंग काई नाई. थे म्हणे, पाण्यात बसल्यावाणी वाट्टे. हरसाली म्हणे, औंदा बदलू. अन् हरसाली दसरा-दिवाळी आली का आपलं फुलाचं सीझन. लोकाईचे घरं रंगते तवा आपल्याले जेवाले टाइम नाई. राह्यलं तं राह्यलंच.”

वैशाली भिंतीकडे पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिला काहीतरी आठवत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “म्हणून माय हॉलले टाकं म्हणे का?”

नामदेवरावांनी मान हलवली.

“‘वैशू, टाक्यात पाहुणे बसले, पाणी दे.’ ‘वैशू, टाकं झाडलं का?’” वैशाली आम्हाला सांगायला लागली. “मले वाटे, लाडानं म्हणते. मी तं सासरीही सांगतलं, आमच्याकडे हॉलले टाकं म्हणतात!” आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळ्यांना पदर लावला, आणि पुन्हा हसली. विमलताईही हसल्या, पण तोंडावर हात ठेवून, कारण आपण हसावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. “हसा न, मावशी,” वैशाली म्हणाली. “वीस वर्षं टाक्यात राह्यलो आमी!”

हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, “मंग तिले कोणता पाह्यजे होता?”

नामदेवराव दाराच्या चौकटीला टेकले. या प्रश्नाला ते घाबरत होते असं मला वाटलं.

“थेच तं मले माहीत नाई,” ते म्हणाले. “मी नाई इचारलं. तवाही नाई अन् मंगही नाई. म्हणून या बारीनं इचारून राह्यलो.”

मग वैशाली उठली, विमलताईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि भिंतीवरच्या निळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

“मावशी, खरं सांगा. हा आवडते का तुमाले?”

विमलताईंनी निळ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

“नाई,” त्या म्हणाल्या.

इतका स्वच्छ नकार मी त्या घरातच ऐकला. हबीबभाईंनी काही न विचारता ब्रश बुडवला आणि निळ्या चौकोनावर पांढरा फिरवून टाकला.

मला वाटलं, आता हुरडा पक्का, चहा घेऊन निघू. पण खरी निवड तिथून सुरू झाली. हुरड्याचे चौकोन दोन होते, कोवळा आणि निबर, आणि ज्या बाईला आजवर कोणी विचारलं नव्हतं तिला आता विचारून घ्यायची गोडी लागली. विमलताई एकदा खिडकीकडून पाहत, एकदा दाराकडून. मग भिंतीला टेकून खाली बसल्या, कोवळ्याखाली थोडा वेळ, निबराखाली थोडा वेळ.

“कोवळा,” त्या म्हणाल्या.

“मावशी, कोवळा उन्हाळ्यात पांढराच दिसन,” वैशाली म्हणाली. “अकोल्याचं ऊन माहीत नाई तुमाले. निबर घ्या. त्याच्यात दम हाय.”

“हुरड्याचं तू नोको सांगू मले. तू खाल्ला, मी पिकवला.”

“पण या खिडकीतलं ऊन मी पाह्यलं, तुमी नाई!”

हबीबभाईंनी मला खूण केली, म्हणजे आपण निघावं का? मी मानेनंच नको म्हटलं. असं भांडण सोडून जायचं नसतं. आमच्या धंद्यात घरातली माणसं एकमेकांना ‘तुमाले काय समजते’ म्हणायला लागली, की काम नीट चाललंय असं समजावं. सकाळी एकमेकींसमोर परक्यासारख्या उभ्या असलेल्या दोघी आता खांद्याला खांदा लावून एका चौकोनात नाक खुपसून उभ्या होत्या.

नामदेवराव चहाचा ट्रे घेऊन आले. कपाला कप लागून खणखण वाजत होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “मले तं दोन्ही सारखेच दिसते.”

दोघींनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“भाऊ,” हबीबभाई घाईनं म्हणाले, “चलो, आपण बाहर बसू. शेवंती दिखाओ मेरेको.”

ऊन खिडकीतून सरकलं. आम्ही हुरडा भाजला. मळ्याच्या कोपऱ्यात गोवऱ्यांवर कणसं टाकली, चोळून खाल्ली, सोबत तिळाची चटणी. मध्येच विमलताई उठून आत जायच्या, पाहून यायच्या. दिवस कलल्यावर ट्यूबलाइट लावली. त्या उजेडात निबर थोडा काळपट पडला आणि कोवळा मात्र तसाच राहिला, दुधाळ, शांत. विमलताईंनी वैशालीकडे पाहिलं. वैशालीनं एक उसासा सोडला.

“बरं बाबा, कोवळा. तुमचंच खरं.”

“माहंच खरं नाई, रंगाचं खरं,” विमलताई म्हणाल्या, पण चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद लपत नव्हता. पिशवी सकाळी त्यांनी मांडीवरून कुठे ठेवली होती, हे निघताना कोणालाच आठवेना. शेवटी ती स्वयंपाकघरात खुंटीला सापडली.

संक्रांतीनंतर लग्न झालं. आधी कचेरीत सह्या, मग घरी हार. हार अर्थातच मळ्यातले, वैशालीनं स्वतः गुंफलेले. आम्हाला दोघांना आमंत्रण होतं. रंग लावून झालेलं घर आम्हाला पुन्हा फारसं पाहायला मिळत नाही. डबे संपले की आमचं नातं संपतं, पुढे त्या भिंतींच्या आत कोण कसं राहिलं हे कळत नाही. म्हणून त्या दिवशी मी हॉलच्या मध्ये उभी राहून पोटभर पाहून घेतलं. हिवाळ्याचं ऊन आत आलं होतं, पिवळी शेवंती दारावर, आणि भिंती ओल्या दाण्यासारख्या. नांदगावच्या बायका भिंतीला हात लावून पाहत होत्या.

“नामदेवराव, रंग लय झकास. कोणी निवडला?” विमलताईंच्या भावजयीनं विचारलं.

“आमी सगळ्याईनं मिळून...” नामदेवराव सुरू झाले.

“मी निवडला,” विमलताई म्हणाल्या. गळ्यात हार, कपाळावर मुंडावळी, आणि आवाज असा की स्वयंपाकघरापर्यंत गेला. वैशाली आतून लाडूंचं ताट घेऊन येत होती, तिनं जागेवरूनच पुस्ती जोडली, “अन् मी इरोध केला होता, हेही सांगा!” सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं नामदेवराव.

चैत्रात, ऊन चांगलं तापायला लागल्यावर, दुकानात फोन आला.

“ताई, मी विमल बोलून राह्यली, अकोल्याहून. सैपाकघर रंगवाचं हाय.”

“हो, कोणत्या रंगाचे नमुने आणू?”

“नमुने गिमुने काई नाई. जांभळा.”

मी स्टुलावर सरळ झाले. “फिका जांभळा न, ताई? वांग्याच्या फुलासारखा हलका काही...”

“नाई हो. पिकल्या जांभळाचा. गच्च.”

मागून नामदेवरावांचा आवाज आला, “अवं, पण सैपाकघर जांभळं?” आणि त्याच्याही मागून वैशालीचा, “बाबा, तुमी चूप बसा, आमचं ठरलं हाय.”

स्वयंपाकघर लहान, खिडकी एक, त्यात गच्च जांभळा. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवानं मी तिथं ‘नको’च म्हणायला हवं होतं. सवयीनं म्हणालेही, “ताई, आपण दोन रंग लावून पाहू. जांभळा, अन् सोबत दुसरा एखादा...”

“दुसरा कायले?” विमलताई म्हणाल्या. “मले हाच पाह्यजे.”

मी फोन ठेवला, पांढरा डबा मशीनखाली सरकवला आणि नंबर दाबला. पांढऱ्यात जांभळ्याची पहिली धार पडली, मग दुसरी, मग पडतच राहिली. हबीबभाई कोपऱ्यात ब्रशचे केस विंचरत होते, ते उठून आले आणि डब्यात डोकावले.

“ये किसका बेडरूम है?”

“विमलताईंचं स्वयंपाकघर.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. “या अल्लाह,” म्हणाले, आणि खुशीत झाकण ठोकायला हातोडी शोधू लागले.